नव्या घरात ओल कुठून येते? कोकणातल्या घरांसाठी शोधाची सविस्तर पद्धत

मेअखेर रंग झाला, वास्तुशांत झाली आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पश्चिमेकडच्या खोलीत खिडकीखाली रंगाला फुगे आले. कोकणात हे सर्रास घडतं. मग गवंडी, रंगारी, प्लंबर आणि शेजारी असे चौघे चार कारणं सांगतात आणि पाचवा वॉटरप्रूफिंगचा डबा घेऊन येतो. डबा उघडायची घाई करू नका. चुकीच्या जागी लावलेलं रसायन पैसे खातंच, शिवाय ओलीच्या खुणाही झाकून टाकतं. पाणी आतच राहतं, दुसरीकडून फुटतं आणि खरं कारण शोधणं दुप्पट अवघड होतं.

या लेखातला सगळा शोध एका सवयीवर उभा आहे: ओल कुठे दिसते यासोबत ती कधी दिसते, कधी वाढते, कधी सुकते हे लिहून ठेवायचं. पाणी चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) पोकळ्यांतून, सांध्यांतून, वायरच्या पाइपातून वाट मिळेल तिकडे फिरतं, त्यामुळे डागाची जागा फसवते. वेळ सहसा फसवत नाही.

आधी वीज

ओल स्विचबोर्डाजवळ, पंख्याच्या हुकापाशी किंवा स्लॅबमधल्या दिव्याच्या डबीतून येत असेल तर त्या सर्किटचा एमसीबी आत्ताच पाडा. स्लॅबमध्ये पुरलेले वायरचे पाइप म्हणजे पाण्याला आयती नळी. गच्चीवर सोलर हीटरसाठी किंवा केबलसाठी सोडलेलं तोंड उघडं असेल, तर तिथे शिरलेलं पाणी चार मीटर लांबच्या पंख्यातून टपकतं. घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते बघा, नसेल तर बसवून घ्या आणि वायरमनने हिरवा कंदील दिल्याशिवाय ओल्या भिंतीला ड्रिल लावू नका.

बांधकामात घातलेलं पाणी

नवं घर कोरडं असतं असं आपण धरून चालतो. हिशोब करून बघा. हजार चौरस फुटांच्या आरसीसी घराला साधारण ४०० गोण्या सिमेंट लागतं. ५० किलोच्या गोणीमागे २५ लिटर पाणी धरलं तर नुसत्या मिश्रणातच १०,००० लिटर पाणी गेलं. सिमेंट घट्ट होताना स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी बांधून घेतं, म्हणजे यातलं निम्मं. उरलेल्याला बाहेर पडायचं असतं. क्युरिंगसाठी मारलेलं पाणी, भिजवून लावलेले चिरे आणि जोत्याच्या भरावात मुरूम बसावा म्हणून सोडलेलं पाणी यात धरलेलंच नाही.

काँक्रीटला एका बाजूने सुकायला दर २५ मिलिमीटर जाडीला साधारण एक महिना लागतो, तोही हवा कोरडी असेल तर. गच्चीवर वॉटरप्रूफिंग झालं की १२५ मिलिमीटरचा स्लॅब फक्त खालच्या बाजूने सुकतो, म्हणजे पाच महिने. फेब्रुवारीत स्लॅब, एप्रिलमध्ये प्लास्टर, मेमध्ये पुट्टी आणि रंग असं वेळापत्रक असेल तर सुकायला वेळच मिळत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या आसपास राहते, तेव्हा भिंत जवळजवळ सुकतच नाही.

या ओलीची ओळख सोपी आहे. ती जागा निवडत नाही. आतल्या आडभिंती, कपाटामागची भिंत, जिन्याखालचा कोपरा, सगळीकडे थोडीथोडी असते. पाऊस थांबला तरी लगेच कमी होत नाही, जोराचा आला तरी लगेच वाढत नाही. आणि ती महिन्यामहिन्याने उतरत जाते. दुसऱ्या पावसाळ्यात तीच ओल तेवढीच किंवा जास्त दिसली, तर बांधकामाच्या पाण्याचं कारण संपलं. पाणी दुसरीकडून येतंय.

ओलीची वही

एक वही, एक पेन्सिल, मोबाइल आणि दोनतीनशे रुपयांचा तापमान-आर्द्रतेचा छोटा मीटर एवढं सामान घ्या. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, रेघेवर तारीख लिहा, बाजूला मोजपट्टी धरून फोटो काढा. डाग वाढला की नवी रेघ, नवी तारीख. वहीत रोज चार गोष्टी: पाऊस कसा होता, वारा कुठून होता, घरात पाणी कुठे वापरलं, डाग कसा आहे. तीन आठवडे पुरतात.

मग वेळ वाचायची. पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्याएक तासात ओल आली तर खिडकी, पॅरापेटची (गच्चीच्या कठड्याची) फट, पाइपचं तोंड अशी सरळ वाट आहे. चारसहा तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी आली तर पाणी भिंतीच्या अंगातून झिरपतंय. पाऊस सरळ असताना काही नाही आणि नैऋत्येची झड लागली की डाग, तर भिंत किंवा खिडकी. गच्चीला तूर्त सोडा. पावसाशी काहीच नातं नाही आणि वर्षभर सारखी ओल, तर पाण्याची लाइन किंवा न्हाणीघर. सकाळी न्हाणी झाल्यावर वाढते, सुट्टीत घर बंद असताना सुकते, तर सांडपाण्याची लाइन. जुलैच्या मध्यावर जमिनीलगत सुरू होऊन दिवाळीपर्यंत टिकते, तर जमिनीतलं पाणी. पाऊस नाही पण ढगाळ, कुंद दिवशी भिंत ओली दिसते आणि पंखा लावला की तासाभरात कोरडी, तर हवेतला दमटपणा किंवा भिंतीतलं मीठ.

घर कशावर उभं आहे

आता घराबाहेर पडून एक फेरी मारा. कोकणात जमीन तीन तऱ्हांची आणि प्रत्येकीची खोड वेगळी.

कातळावर, म्हणजे सड्यावर, पाणी फारसं मुरत नाही. ते पृष्ठभागावरून वाहत येतं आणि जोत्याला थडकतं. इथे उतार आणि गटार नीट असेल तर निम्मा प्रश्न मिटतो. समुद्राकाठच्या पुळणीवर पाणी लगेच मुरतं, पण भूजल वर असतं आणि पावसाळ्यात आणखी चढतं, त्यात खारेपणाही असतो. इथे जोत्यातला ओलरोधक थर नीट नसेल तर सुटका नाही.

तिसरी तऱ्हा डोंगर कापून बसवलेल्या घरांची, आणि सर्वांत जास्त चुकीचं निदान इथेच होतं. जांभ्याच्या थरातून मुरलेलं पाणी खालच्या चिकण थरावर अडतं आणि जुलैच्या मध्यापासून कापलेल्या दरडीतून उपळ फुटते. घराच्या वरच्या अंगाच्या भिंतीला ओल येते, फरशीच्या सांध्यांतून पाणी पाझरतं, आणि पाऊस चार दिवस उघडला तरी थांबत नाही. त्या भिंतीवर आतून कितीही थर द्या, मागचं पाणी ढकलत राहतं. उपाय बाहेर आहे. दरड आणि घर यांच्यामध्ये जोत्याच्या तळापेक्षा खाली जाणारा चर घ्यायचा, तळाला १०० मिलिमीटरचा भोकं पाडलेला पाइप, शंभरास एक उतार, भोवती खडी आणि खडीला जिओटेक्स्टाइलचं (पाणी जाऊ देणाऱ्या पण माती अडवणाऱ्या कापडाचं) आवरण. चर पायाच्या खाली उतरवायचा असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा.

प्लास्टिकची चाचणी: पाणी भिंतीतून की हवेतून

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी चाचणी. पारदर्शक जाड प्लास्टिकचे ४५ बाय ४५ सेंटीमीटरचे तुकडे कापा. ओल्या रंगावर चिकटपट्टी धरत नाही, म्हणून जिथे पट्टी बसणार तेवढी चौकट फडक्याने पुसून हेअर ड्रायरने सुकवा आणि चारही बाजू पक्क्या बंद करा. फट राहिली तर चाचणी वाया. एकाच भिंतीवर तीन तुकडे लावा: जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर, छातीच्या उंचीवर आणि छताखाली. चौथा तुकडा आतल्या एखाद्या कोरड्या वाटणाऱ्या आडभिंतीवर. हा तुलनेसाठी, तो टाळू नका. ४८ तास हात लावू नका.

प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब आणि खालचं प्लास्टर काळपट झालं असेल तर पाणी भिंतीतून येतंय. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर हवेतली वाफ थंड भिंतीवर बसतेय. आडभिंतीवरच्या तुकड्याखालीही तितकेच थेंब असतील तर बांधकामाचं पाणी. फक्त खालचा तुकडा ओला असेल तर जोतं, फक्त वरचा असेल तर स्लॅब किंवा पॅरापेट, मधला असेल तर खिडकी, झड किंवा पाइप.

हवेतल्या वाफेचा एक हिशोब जवळ ठेवा. शंभरातून आर्द्रतेची टक्केवारी वजा करा, उरलेल्याला पाचने भागा आणि ती संख्या तापमानातून वजा करा. खोलीत २९ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर उत्तर २६ येतं. २६ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागाला घाम फुटणार. शेजारच्या खोलीत २२ वर एसी रात्रभर चालत असेल तर मधली भिंत बाहेरच्या अंगाने ओली होते, आणि लोक त्या भिंतीत पाइप शोधत बसतात. कपाटामागची बुरशीही बहुतेक वेळा यातलीच. कपाट भिंतीपासून ७-८ सेंटीमीटर पुढे ओढा, न्हाणीघराचा पंखा आंघोळीनंतर अर्धा तास चालू ठेवा, ओले कपडे बंद खोलीत वाळत घालणं बंद करा आणि दोन आठवडे बघा.

झड: पश्चिमेची भिंत आणि खिडक्या

जुन्या घरांना पडवी असायची, कौलांची वळचण भिंतीच्या चांगली पुढे यायची, आणि जून लागायच्या आत पावसाच्या अंगाला नारळाची झापं बांधली जायची. भिंतीला पाऊस लागूच द्यायचा नाही, हा त्यामागचा साधा विचार. आजच्या घराचं तोंड सपाट, छज्जा ४५ सेंटीमीटरचा, आणि समुद्राकडे दृश्य दिसावं म्हणून पश्चिमेलाच सहा फुटी खिडकी. नैऋत्येचा वारा पावसाला आडवा करून त्या भिंतीवर तासन्‌तास मारतो. नव्या घरातल्या ओलीचं कारण शोधताना सगळ्यात जास्त वेळ याच भिंतीला द्या.

सुरुवात खिडकीच्या खालच्या दगडापासून. ग्रॅनाइटवर बाहेरच्या बाजूला एक गोटी ठेवा. ती बाहेर घरंगळली पाहिजे. जागेवर थांबली किंवा खिडकीकडे आली तर दगड उलट्या उताराचा बसवलाय, आणि झडीचं सगळं पाणी तुमच्या भिंतीत जातंय. दगड भिंतीच्या बाहेर २५ ते ४० मिलिमीटर यायला हवा आणि त्याच्या खालच्या अंगाला पाणी तुटण्यासाठी बोटाच्या पेराएवढी खाच हवी. बोट फिरवून बघा. खाच नसेल तर पाणी दगडाच्या पोटावरून सरपटत परत भिंतीला येतं. छज्जाच्या खालच्या कडेलाही हीच तपासणी.

मग ॲल्युमिनिअमची सरकती खिडकी. तिच्या खालच्या पट्टीत पाणी साचतंच, ते बाहेर जायला पट्टीच्या बाहेरच्या अंगाला लांबट भोकं असतात. नव्या घरात ही भोकं पुट्टीने, सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजलेली सापडतात. चाचणी अशी: पट्टीत एक लिटर पाणी हळूहळू ओता. मिनिटाभरात बाहेर गेलं तर ठीक. साचून राहिलं तर भोकं बुजलीत; टाचणीने किंवा पातळ तारेने मोकळी करा. पाणी गेलं पण बाहेर दिसलंच नाही, तर ते पट्टीच्या कोपऱ्यातल्या जोडातून दगडाखाली उतरलंय. संध्याकाळी आतून खिडकीखालच्या प्लास्टरला हात लावून बघा. हा कोपऱ्याचा जोड नुसत्या नजरेला कधीच दिसत नाही आणि खिडकीखालच्या त्रिकोणी डागांचा तो नेहमीचा धनी असतो.

ग्रॅनाइटच्या चौकटीवर नाण्याने टकटक करा. बद्द आवाज आला तर मागे पोकळी आहे, मसाला भरलेलाच नाही. वरून सिलिकॉनची रेघ असेल तर नखाने उचला. धुळीवर मारलेलं सिलिकॉन सालीसारखं निघून येतं.

आता पाइपने पाणी मारायची चाचणी. ती पावसाळ्यात करून उपयोग नाही, भिंत आधीच भिजलेली असते. नोव्हेंबरपासून पुढे, भिंत कोरडी असताना करा. एक माणूस बाहेर, एक आत. पाइपला जोराची धार नको, शॉवरसारखी फवारणी हवी. नेहमी खालून वर जायचं, कारण वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे जातो आणि कुठून आत शिरला हे कळत नाही. पहिले फक्त खिडकीच्या दगडाखालची भिंत, १५ मिनिटं. मग थांबा, वीस मिनिटं आत लक्ष ठेवा. मग दगड आणि चौकटीचा जोड. मग उभ्या बाजू. मग छज्जा आणि भिंतीचा सांधा. आत ओल दिसली की थांबा आणि जागेवर खूण करा. चिऱ्याची भिंत असेल तर पाणी यायला चारसहा तासही लागतात, म्हणून भिंतीचा एक टप्पा झाला की पुढचा दुसऱ्या दिवशी.

चिऱ्याबद्दल थोडं. जांभ्यात नळ्यांसारख्या पोकळ्या असतात. चांगल्या चिऱ्याने वजनाच्या १२ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये असं भारतीय मानक सांगतं, पण खाणीतून आलेला प्रत्येक चिरा सारखा नसतो. शंका असेल तर उरलेल्यातला एक चिरा कोरडा करून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, वरचं पाणी पुसून पुन्हा वजन करा. तुमच्या भिंतीचं उत्तर तुमच्या अंगणातच मिळेल. या पोकळ्यांमुळे पाणी एका ठिकाणी आत शिरतं आणि हातभर बाजूला बाहेर येतं. दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) नीट भरल्या नसतील तर आणखी लांब. आतल्या पांढऱ्या रंगावर तांबूस ओघळ दिसला तर पाणी चिऱ्यातून आलंय अशी दाट शक्यता धरा.

आणखी एक जागा: काँक्रीटचा कॉलम किंवा बीम आणि चिऱ्याची भिंत यांचा सांधा. दोन्ही उन्हात वेगवेगळं फुगतात. तिथे प्लास्टरखाली दोन्ही अंगांना १५० मिलिमीटर जाईल अशी जाळी लावायची असते. लावली नसेल तर सरळ, उभी किंवा आडवी, पट्टीने आखल्यासारखी चीर पडते. केसाएवढी चीर झडीच्या वाऱ्याला पुरते.

गच्ची आणि पत्र्याची शेड

गच्चीची चाचणी पाणी साठवून करतात. पाइपची तोंडं गोणपाट आणि चिकणमातीने बंद करा आणि ५० मिलिमीटर पाणी ४८ तास ठेवा. ५० मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला ५० किलो. नीट बांधलेल्या गच्चीला हे वजन जड नाही, पण याहून जास्त भरू नका. उन्हाने पाणी उडतं आणि लोक त्यालाच गळती समजतात. म्हणून गच्चीवरच एका बादलीत पाणी भरून ठेवा आणि गच्चीच्या पाण्यावर आणि बादलीत एकाच वेळी खूण करा. दोन दिवसांनी दोन्हीकडे पातळी सारखीच उतरली असेल तर ते ऊन. गच्चीची पातळी बादलीपेक्षा पाच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त खाली गेली तर स्लॅब पाणी पितोय. पाणी भिंतीच्या पायथ्याच्या वाट्यापर्यंत (भिंत आणि गच्ची यांच्या सांध्यातल्या गोलाईपर्यंत) चढलं पाहिजे, नाहीतर सगळ्यात कच्चा सांधा तपासायचाच राहतो.

दुसरी कच्ची जागा म्हणजे पाणी उतरायच्या पाइपचं तोंड. पीव्हीसी आणि कोबा एकमेकांना धरत नाहीत, भोवती चीर पडते. पाइपांची संख्याही मोजा. तासाला १०० मिलिमीटरचा पाऊस धरला तर १०० मिलिमीटरचा एक पाइप साधारण ४० चौरस मीटर गच्ची सांभाळतो. कमी असतील तर पाणी तुंबतं आणि दाराच्या उंबऱ्यावरून आत येतं.

गच्चीवर पत्र्याची शेड असली की लोक निर्धास्त होतात आणि स्लॅबला वॉटरप्रूफिंगच करत नाहीत. झड शेडच्या उघड्या बाजूंनी आत येते आणि उघड्या स्लॅबवर पडते. शिवाय पत्र्याच्या स्क्रूखालचं रबर वाऱ्याच्या हादऱ्यांनी सैल होतं. दुपारी शेडखाली उभं राहून वर बघा, उजेडाचे ठिपके दिसतील तिथे पाणी येणार.

न्हाणीघर आणि नळ

इथे क्रम महत्त्वाचा आहे, नाहीतर फरशी उगाच फुटते. आधी दाबाची लाइन, मग फरशी, मग सांडपाणी.

रात्री सगळे नळ बंद करून टाकीची पातळी खूण करतात आणि सकाळी बघतात, ही पद्धत मोठी गळती पकडते. बारीक गळती तिला सापडत नाही, आणि ती का सापडत नाही हे समजून घ्या. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर आठ तासांत साधारण दीड लिटर पाणी जातं. १००० लिटरच्या नेहमीच्या गोल टाकीत एक सेंटीमीटर पातळी म्हणजे नऊदहा लिटर. म्हणजे दीड लिटर गेलं तरी पातळी फक्त दीड मिलिमीटर उतरते. डोळ्याला कळत नाही, पण तेच पाणी महिनाभरात शंभराहून जास्त लिटर भिंतीत मुरवतं. म्हणून प्लंबरकडचा दाब तपासायचा हातपंप लावून घ्या. गीझर आणि फ्लशचे कॉक बंद करून लाइनचा दाब पाचसहा किलोपर्यंत (दर चौरस सेंटीमीटरला) न्यायचा आणि तासभर काटा बघायचा. टाकीचं पाणी दर तीन मीटर उंचीला जेमतेम ०.३ किलो दाब देतं, त्यामुळे नुसत्या टाकीवर लाइन कोरडी वाटते आणि प्रेशर पंप सुरू झाला की गळते. गरम आणि थंड लाइन वेगवेगळी तपासा.

काटा हलला नाही तर फरशी. ट्रॅपचं (जाळीखालच्या सांडपाण्याच्या वाटीचं) तोंड ओल्या फडक्याने आणि प्लास्टिकने घट्ट बंद करून २५ मिलिमीटर पाणी २४ तास ठेवा आणि खालचं छत, शेजारची भिंत बघा. तेही कोरडं राहिलं तर बोळा काढा, दोन बादल्या पाण्यात कपड्यांची पातळ नीळ घालून ओता. पलीकडे निळसर ओल आली तर ट्रॅपचा गळा किंवा त्यापुढचा जोड. फरशीचे सांधे कायम काळपट राहत असतील आणि चालताना कडेने पाणी उमटत असेल, तर खालचा खोलगट भराव पाण्याने भरलाय. वरून सांधे पुन्हा भरून काहीही होणार नाही.

जोतं

भिंतीच्या तळाशी ओल असली की सगळे एकदम जमिनीला दोष देतात. आधी बाहेर जाऊन तीन गोष्टी बघा. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान ४५ सेंटीमीटर वर आहे का, की अंगणात पेव्हर ब्लॉक बसवताना भराव टाकून ते बुडवलंय? भिंतीला टेकून फुलझाडांचा वाफा केलाय का? आणि पागोळ्या कुठे पडतात? पन्हळ नसेल तर तीन मीटरवरून पडणारं पाणी पेव्हरवर आपटून भिंतीला हातभर उंच उडतं, चार महिने, रोज. यासाठी पन्हळ लावा, किंवा पागोळीच्या रेषेत ६० सेंटीमीटर रुंदीची खडीची पट्टी करून तिला गटार जोडा. खडीवर पडलेलं पाणी उडत नाही.

हे सगळं ठीक असेल तर मग जमिनीतून चढणारी ओल. ती आतल्या भिंतींनाही येते, स्कर्टिंगपासून वर सारख्या उंचीने चढते, बहुधा मीटरभराच्या आत थांबते, आणि वरच्या कडेला पांढरा खार फुटतो. पुष्कळदा ओलरोधक थर जागेवर असतो, पण बाहेरचं प्लास्टर जमिनीपासून सलग वर नेलेलं असतं, आणि पाणी त्या प्लास्टरमधून थराला वळसा घालून चढतं. त्या जागी प्लास्टर आडवं कापून खाच मोकळी ठेवली की फरक पडतो.

शंका उरली तर भिंतीत हळू वेगाने ड्रिल करून १०, ५० आणि ८० मिलिमीटर खोलीचा भुगा तीन वेगळ्या झाकणाच्या डब्यांत घ्या. वजन करा, सुकवा, पुन्हा वजन करा. आतला भुगा जास्त ओला तर पाणी आतून किंवा पलीकडून येतंय. फक्त वरचा ओला आणि आत कोरडं, तर हवा किंवा मीठ. सुया टोचायचा ओलावामापक एवढं सांगत नाही. मीठ असलेल्या भिंतीवर तो कोरड्या जागीही वरचा आकडा दाखवतो.

खाडीची रेती, खारं पाणी

कोकणपट्टीत हे कारण हमखास विसरलं जातं. न धुतलेली खाडीची रेती किंवा खाऱ्या विहिरीचं पाणी वापरलं असेल तर मीठ भिंतीतच मुक्कामाला असतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून विरघळतं. म्हणजे जूनपासून भिंत बिनपावसाचीही ओली. मार्चमध्ये कोरडी ठणठणीत, त्यावर रंग, आणि पुन्हा जूनमध्ये फुगे.

घरी करायची चाचणी: डागावरून आणि कोरड्या भिंतीवरून प्रत्येकी २० ग्रॅम प्लास्टरचा चुरा खरवडा. दोन्ही ताटल्यांत कडक तापवून सुकवा, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर वजन लिहा आणि जुलैच्या हवेत, पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी दोन दिवस उघडे ठेवा. दोन्हींचं वजन थोडं वाढेल. डागाच्या चुऱ्याचं बरंच जास्त वाढलं, अर्धा-एक ग्रॅमने पुढे गेलं, तर मीठ. पक्कं करायचं असेल तर प्रयोगशाळेत क्लोराइड तपासून घ्या. पुढचं बांधकाम बाकी असेल तर पाणीही तपासा. लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही.

उपाय म्हणून रंग किंवा रसायन इथे चालत नाही. डागाच्या कडेपासून अर्धा मीटर पुढपर्यंत प्लास्टर काढायचं, दर्जा २० मिलिमीटर खरवडायच्या, महिनाभर उघडं ठेवून फुटलेला खार कोरड्या ब्रशने झाडायचा (पाण्याने धुतला तर मीठ परत आत जातं), आणि धुतलेल्या वाळूचं नवं प्लास्टर करायचं. स्लॅबला किंवा कॉलमला सळीच्या रेषेत चिरा आणि गंजाचे ओघळ दिसत असतील तर हा ओलीचा प्रश्न राहिलेला नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

कारण सापडल्यावर

बहुतेक घरांत एकच कारण नसतं. बांधकामाचं पाणी, त्यावर खिडकीचा जोड, त्यावर एसी. म्हणून दुरुस्ती एका वेळी एकच करा, आणि बाहेरून आत: आधी जमिनीवरचं पाणी वळवा, मग गच्ची, मग बाहेरची भिंत आणि खिडक्या, मग नळ, शेवटी आतलं प्लास्टर. आतून टाइल लावणं, ऑइल पेंट मारणं किंवा बाहेरच्या भिंतीवर जिप्सम करणं म्हणजे पाण्याला आत कोंडणं.

घर बिल्डरकडून घेतलं असेल तर वही आणि फोटो जपून ठेवा. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष लेखी कळवला, तर तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. स्वतः कंत्राटदाराकडून बांधून घेतलं असेल तर करारात लिहिलेलीच मुदत लागू. दोन्ही ठिकाणी ‘भिंतीला ओल येते’ यापेक्षा ‘१२ जुलैला नैऋत्येचा वारा असताना ४० मिनिटांत खिडकीच्या डाव्या कोपऱ्याखाली’ हे वाक्य जास्त काम करतं.

दुरुस्तीनंतर भिंत सुकू द्या. शक्य असेल तर पहिला पावसाळा नुसत्या चुन्याच्या हातावर काढा. रंगाआधी जानेवारी-फेब्रुवारीत त्याच जागी तोच प्लास्टिकचा तुकडा पुन्हा ४८ तास चिकटवा. आत एकही थेंब नसेल तर पुट्टीला हात घाला. असेल तर अजून महिनाभर थांबा आणि दुपारी खिडक्या उघड्या ठेवा.